डोळ्यांना पाणीच येत नाही, कोणता सिनेमा बघू?

फोंडा तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देत आहे:

'आईला पक्षाघात झाल्यापासून तीन वर्षं ती माझ्याकडेच होती. मार्चमध्ये गेली. भाऊ मुंबईहून पोचेपर्यंत सगळं मीच बघितलं, पुढचे दिवसही रीतसर पार पाडले. पण माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आता जुलै उजाडला. झोप लागते, जेवण जातं, ऑफिस चालू आहे, पण छातीत काहीतरी अडकून बसलंय. मैत्रीण म्हणाली, एखादा रडवणारा सिनेमा बघ, मोकळी होशील. शनिवारी रात्री सगळे झोपल्यावर "सैराट" लावला, कारण सगळे म्हणतात शेवटी रडू आवरत नाही. मला रडू आलंच नाही. हातपाय गार पडले, पहाटे तीनपर्यंत डोळ्याला डोळा नाही, दुसऱ्या दिवशी डोकं ठणकत होतं. माझ्यात काही कमी आहे का? नक्की कोणता सिनेमा बघू आणि कसा? घरात सासूबाई आहेत, तिन्हीसांजेला घरात कुणी रडलेलं त्यांना चालत नाही. चौदा वर्षांची मुलगी म्हणते, मीही बसते तुझ्याबरोबर.'

ताई,

तुमच्यात काहीही कमी नाही. तीन वर्षं रात्री-अपरात्री उठून आईची कूस बदलायची, औषधांच्या वेळा सांभाळायच्या, वर घर आणि नोकरी. यात रडायला सवड कुठे होती? ते तेव्हा राहून गेलं आणि आता सवड मिळाली तरी सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. सिनेमा इथे खरोखर उपयोगी पडतो. फक्त तुम्ही लावलात तो या कामाचा नव्हता, आणि रात्रीची वेळ तर मुळीच नव्हती.

'सैराट'च्या (२०१६) शेवटच्या प्रसंगातून नागराज मंजुळे यांनी आवाज काढून घेतला आहे. संगीत नाही, किंकाळी नाही, फक्त ते लहान मूल आणि त्याची पावलं. पूर्वार्धात अजय-अतुलच्या गाण्यांवर डोललेला प्रेक्षक त्या शांततेत थिजतो, आणि थिजावा म्हणूनच ते तसं केलं आहे. भयंकर काही समोर दिसलं की माणसाचे हातपाय गार पडतात, श्वास वरच्या वर अडकतो. तेव्हा रडू येत नाही. रडू येतं ते धोका टळल्यावर, कुणीतरी पाठीवरून हात फिरवल्यावर. 'सैराट' हात फिरवत नाही, तिथेच संपतो. तुम्हाला जे झालं ते त्या सिनेमाला हवं होतं तेच झालं.

याच कारणासाठी आणखी काही नावं सध्या बाजूला ठेवा, कितीही थोर असली तरी. 'फँड्री'च्या शेवटी भिरकावलेला दगड सरळ आपल्याच दिशेने येतो. त्यातून संताप येतो, आणि यायलाच हवा, पण तो वेगळा हिशेब आहे. 'सदमा' (१९८३) मध्ये गाडी निघून जाते, कमल हासन फलाटावर राहतो आणि बघणाराही तिथेच अडकतो. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८) हा दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी बहीणभावंडांचा ॲनिमेशनपट. कार्टून आहे म्हणून मुलीबरोबर लावू नका. त्यात शेवटपर्यंत कुठेच उसंत नाही. आपल्या गोव्याच्या लक्ष्मीकांत शेटगांवकरांचा 'पलतडचो मुनीस', ज्याला २००९ साली टोरांटोच्या महोत्सवात आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, तो जरूर बघा, पण दुसऱ्या कधीतरी. त्याने ऊर जड होतो, आणि तुमचा तो आधीच जड आहे.

मग कुठला बघायचा? थिएटरात नाक ओढल्याचे आवाज कधी येतात ते आठवा. माणूस जातो त्या क्षणी सगळे गप्प असतात. तो गेल्यावर कुणीतरी त्याचा चष्मा पुसून जागेवर ठेवतं, तेव्हा सगळीकडून सुरू होतं. म्हणजे मरणापेक्षा मायेला जास्त रडू येतं. म्हणून ज्या सिनेमात कुणीतरी कुणासाठी काहीतरी लहानसं, मनापासून करतं, असा निवडायचा. शिवाय तो घावावर संपू नये. घावानंतर दहा-पंधरा मिनिटं तरी तो आपल्याजवळ बसला पाहिजे.

तुमच्या बाबतीत आणखी एक पथ्य. दुःख सख्खं नको, चुलत हवं. आई गेलेल्या माणसाने आई जाण्याचाच सिनेमा पहिल्या फटक्यात लावला की मन सावध होतं. प्रत्येक दृश्य आपल्या घराशी ताडून बघतं: आमच्याकडे असं नव्हतं, तेव्हा मी हे करायला हवं होतं, त्या डॉक्टरला आधी दाखवायला हवं होतं. हा ताळेबंद सुरू झाला की रडू मागच्या मागे फिरतं. आजोबा-नातू, दोन मित्र, एखादा कुत्रा यांचं दुःख आपल्या नात्यातलं असतं पण अंगावर येत नाही, म्हणून पहारा सैल पडतो. आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' (१९५३) म्हणूनच आत्ता नको. सगळे तोच सुचवतील. वर्षश्राद्ध होऊन जाऊ द्या, मग वनमालाबाईंची ती आई निवांतपणे बघा.

सुरुवात 'श्वास'ने (२००४) करा. दिग्दर्शक संदीप सावंत, लांबी पावणेदोन तास. कोकणातल्या परशाच्या डोळ्यांना कर्करोग झालेला आहे. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करायची आणि दृष्टी जाऊ द्यायची. अरुण नलावडे आजोबा, अश्विन चितळे परशा, संदीप कुलकर्णी डॉक्टर. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीला मिळाला तो थेट याच सिनेमासाठी.

पहिला तासभर तो तुम्हाला कोरडा वाटेल. दवाखान्याचे व्हरांडे, फॉर्म, थांबणं, शहरात बावरलेले आजोबा. पुढे ढकलू नका. तीन वर्षं तुम्ही हेच जगलात, आणि तो व्हरांडा तुमच्या ओळखीचा आहे म्हणूनच पुढचं आत शिरतं. शस्त्रक्रिया लांबते आणि आजोबा नातवाला घेऊन दवाखान्यातून गुपचूप बाहेर पडतात. आजार त्यांना बरा करता येत नाही, डॉक्टरांचा शब्द फिरवता येत नाही. त्यांच्या हातात एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे पोराला डोळे आहेत तोवर जग दाखवून घेणं. तिकडे दवाखान्यात धावाधाव, डॉक्टर संतापलेले, आणि इकडे हा म्हातारा नातवाच्या चेहऱ्यावरची मजा बघतो आहे. त्या वेळी परशाकडे न बघता नलावडे यांच्याकडे बघा. पडद्यावरचं माणूस स्वतःला आवरून धरतं तिथे आपला बांध फुटतो. ते धाय मोकलून रडायला लागलं की आपण नुसते बघत राहतो. मालिकांमध्ये एवढी रडारड असून आपले डोळे कोरडे राहतात ते यामुळेच.

'श्वास' झाल्यावर आठ-दहा दिवस जाऊ द्या आणि 'आनंद' (१९७१) लावा. तुम्ही तो आधी पाहिलेला असणारच, आणि तेच त्याचं बळ आहे. पाहिलेला सिनेमा दुसऱ्यांदा जास्त रडवतो, कारण 'पुढे काय' ही धाकधूक नसते आणि हसऱ्या प्रसंगांतही पुढचं ठाऊक असतं. हृषीकेश मुखर्जींनी हे पहिल्याच प्रेक्षकासाठी साधून ठेवलं आहे: आनंद आता नाही, हे सिनेमा सुरू होतानाच कळतं. धक्का बसायला जागाच ठेवलेली नाही. अमिताभचा भास्कर हा सिनेमाभर स्वतःला घट्ट धरून वावरणारा डॉक्टर आहे. ताई, तो तुमच्यासारखाच आहे. शेवटी तो निश्चल पडलेल्या मित्रावर ओरडतो, बोल म्हणून, आणि टेपरेकॉर्डरवरून मित्राचाच आवाज येतो. अनेकांचं रडू नेमकं तेव्हा सुटतं, कारण 'आता बोलणारं कुणी नाही' असं वाटत असताना आवाज आलेला असतो. दोन तासांचा सिनेमा आहे. शेवट झाल्यावर टीव्ही लगेच बंद करू नका.

तिसरा सिनेमा तुमच्या घराच्या फार जवळून जातो, म्हणून आधीचे दोन झाल्याशिवाय नको. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु'. मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताचं काम केलं आहे. ते रस्त्यात हत्ती बघून त्याच्या मागे चालू लागतात आणि हरवतात. मुलगी (इरावती हर्षे) शोधत फिरते, आणि तिकडे माहुताच्या घरची बाई त्या परक्या म्हाताऱ्याला स्वतःच्या लेकरासारखं सांभाळते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सेवा करणाऱ्या माणसाचा शीण, चिडचिड आणि त्या चिडचिडीची नंतरची बोचणी, हे फार थोड्या सिनेमांत इतकं सरळ दाखवलं आहे. याला येणारं रडू वेगळं असतं, त्यात राग मिसळलेला असतो. तो येऊ द्यावा. तीन वर्षांत एकदाही आईवर चिडला नाहीत असं होणं शक्य नाही, आणि त्यात गुन्हा काही नाही.

यानंतर यासुजिरो ओझू यांचा 'टोकियो स्टोरी'. हाही 'श्यामची आई'सारखा १९५३ सालचाच, जपानी, कृष्णधवल, सव्वादोन तासांचा. नाव ऐकून दचकू नका. म्हातारे आईवडील गावाहून मुलांकडे टोकियोला येतात, मुलं आपापल्या व्यापात, आणि त्यांना वेळ देते ती विधवा सून, नोरिको. परत गेल्यावर थोड्याच दिवसांत आई जाते. म्हणजे दुःख सख्खंच आहे, पण ओझूंचा कॅमेरा जमिनीवर मांडी घालून बसल्यासारखा खाली ठेवलेला असतो, हलत नाही, कुणावर चढून येत नाही. त्यामुळे सख्खं असूनही सोसवतं.

यातला एक प्रसंग तुमच्या पत्राचं जवळजवळ उत्तर आहे. अंत्यसंस्कारानंतरच्या जेवणातच थोरली मुलगी आईचे कपडे आठवण म्हणून मागते आणि भावंडं भराभर निघून जातात. नोरिको मागे राहते. सासरे तिला म्हणतात, तू फार चांगली आहेस. ती म्हणते, नाही, तुम्ही समजता तेवढी मी चांगली नाही, तुमचा मुलगा मला रोज आठवतोच असं नाही. आठ वर्षं दाबून ठेवलेली ही कबुली. सासरे रागवत नाहीत. बायकोचं घड्याळ आणून तिच्या हातात ठेवतात, तू ठेव म्हणतात. तोवर सिनेमाभर हसतमुख राहिलेली सेत्सुको हारा दोन्ही हातांनी तोंड झाकून रडते. 'माझ्यात काही कमी आहे का' असं तुम्ही विचारलंत ना? तेच ती विचारते आहे. या प्रसंगानंतरही सिनेमा काही मिनिटं चालतो. ती मिनिटं सोडू नका.

या चारांपैकी एखादा मिळाला नाही तर पर्याय सांगते. 'हाची' (२००९) हा रिचर्ड गियरचा दीड तासाचा सिनेमा, स्टेशनवर मालकाची वाट बघणाऱ्या कुत्र्याचा. मूळचा हाचिको टोकियोच्या शिबुया स्टेशनवर १९२५ पासून १९३५ मध्ये मरेपर्यंत येत राहिला. कुत्रा बोलत नाही, त्यामुळे संवाद खोटे वाटायचा प्रश्नच नाही. ज्यांना माणसांच्या सिनेमाला काही केल्या रडू येत नाही त्यांनाही याने येतं. 'सिनेमा पॅराडिसो' (१९८८) लावाल तर दोन तासांची आवृत्ती शोधा, जवळजवळ तीन तासांची नको. लांब आवृत्तीत जुनं प्रेमप्रकरण उकरून काढलं आहे आणि शेवटाचा गोडवा कडवट होतो. गाण्यांनी डोळे भरून येणाऱ्यांसाठी आपल्या कोंकणीतला 'नाचुंया कुंपासार' (२०१४) आहे. ख्रिस पेरींची गाणी लहानपणापासून कानावर पडलेल्या गोंयकाराला तो एकटाच पुरेल. 'कासव' हा सुंदर सिनेमा आहे, पण त्याची सुरुवातच जीव द्यायच्या प्रयत्नापासून होते. ज्यांच्या मनात तसे विचार घोळतात त्यांनी तो एकट्याने बघू नये.

आता वेळेचं. इथे सासूबाईंचा नियम तुमच्या मदतीलाच आला आहे. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठाचे आद फिंगरहूट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. साठ जणांना दोन दुःखी सिनेमे दाखवले, त्यातला एक हा 'हाची'च. जे रडले त्यांचं मन सिनेमा संपल्या संपल्या आधीपेक्षा उदास झालं. वीस मिनिटांनी ते पूर्वपदावर आलं, आणि दीड तासाने सिनेमाआधीपेक्षाही बरं झालं. जे रडले नाहीत त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे हलकं वाटतं ते दीड तासाने. रात्री अकराला सिनेमा लावून दीडला अंथरुणावर पडलं की आपण नेमके त्या उदास वीस मिनिटांना घेऊन झोपायला जातो, आणि पुढचा तास कूस बदलण्यात जातो.

म्हणून सुट्टीच्या दिवशी दुपारी तीनला बसा. 'श्वास' पावणेपाचला संपेल, सव्वासहापर्यंत तुमचा दीड तास भरेल, आणि गोव्यात जुलैत दिवेलागण व्हायला सात वाजतात. दिवा लावायला तुम्ही तोंड धुऊन उभ्या असाल.

जेवण साडेबाराला उरका आणि हलकं ठेवा. रविवारचं भरपेट हुमण-भात जेवून बसलात तर पेंग येईल. उपाशीही बसू नका. रिकाम्या पोटी रडलं की डोकं हमखास चढतं. पाण्याचा तांब्या हाताशी हवा.

खोलीत पूर्ण काळोख नको. पडदे ओढा आणि पाठीमागे एक मंद दिवा ठेवा. समोर काळोखात एकच लखलखीत चौकोन असला की डोळे ताणतात, आणि त्या ताणाने डोकं दुखतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा प्रकार 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा आणि मोशन स्मूदिंग बंद करा. नव्या टीव्हीत ते आपोआप चालू असतं. ते सिनेमाच्या फ्रेममध्ये स्वतःच्या फ्रेम घुसडतं, आणि मग 'श्वास'सुद्धा दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. आवाज टीव्हीच्या स्पीकरवर सोडू नका. साधे वायरचे हेडफोनही चालतील. या सिनेमांत अर्धं काम श्वासांचं, पावलांचं आणि थांबलेल्या बोलण्याचं असतं, ते पत्र्यावर पाऊस पडत असताना ऐकूच येत नाही.

पावसाळ्यात करंट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि शेवटच्या वीस मिनिटांत तो गेला की सगळी मेहनत पाण्यात. शक्य असेल तर सिनेमा आदल्या दिवशी लॅपटॉपवर किंवा टॅबवर रीतसर डाउनलोड करून घ्या आणि चार्जिंग पूर्ण ठेवा. कुठला सिनेमा कुठल्या ओटीटीवर आहे हे बदलत राहतं, तेव्हा आधी शोधून ठेवा. फुकट मिळणाऱ्या आणि दर काही मिनिटांनी जाहिरात मारणाऱ्या प्रती टाळा. गळा दाटून यावा आणि वर डिटर्जंटची जाहिरात वाजावी, यानंतर ते रडू परत येत नाही. फोन दुसऱ्या खोलीत. आवाज बंद करून मांडीवर ठेवलेला फोनही नको, कारण भावना दाटून आली की हात आपसूक त्याच्याकडे जातो.

रडू येऊ लागलं की घशात गोळा येतो. दाटून आलं की जास्त हवा घेता यावी म्हणून घसा आतून उघडा राहू बघतो, आणि आपण आवंढा गिळून तो मिटायला लावतो. त्या ओढाताणीचा तो गोळा. आयुष्यभर आवंढे गिळायची सवय असलेल्या माणसाचं रडू इथेच संपतं. गिळू नका. ओठ किंचित उघडे ठेवा आणि श्वास तोंडाने हळू, लांब सोडा. खांदे खाली. दोन-तीन श्वासांत एक तर डोळे भरतील, नाही तर गोळा विरेल, दोन्ही चालेल. स्वतःकडे बघत बसू नका, 'आलं का, आलं का' म्हणून. गोष्टीकडे बघा.

अश्रूंचा काही भाग डोळ्याच्या कोपऱ्यातल्या बारीक नळीतून नाकात उतरतो, म्हणून नाक वाहतं. कागदी रुमालाने सारखं खसाखसा पुसलं की पापण्या चुरचुरतात आणि सुजतात. जुन्या सुती लुगड्याचा धुवट मऊ तुकडा घ्या आणि नुसता टिपा. काजळ आधीच काढा, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्याही. डोकं दुखतं ते बहुतेकदा कपाळ-जबडा आवळून रडू अडवल्याने आणि नाक चोंदल्याने. म्हणून दात सुटे ठेवा, मधेमधे पाण्याचा घोट घ्या. संपल्यावर गार पाण्यात पिळलेला कपडा पाच-दहा मिनिटं डोळ्यांवर ठेवला की सूज उतरते.

पुढचा दीड तास मोकळा हवा. त्यात दुसरा सिनेमा नाही, फोन नाही, 'कसा वाटला' ही चर्चा नाही. चहा, सोबत पोदेराकडची (पाववाल्याकडची) पोळी असेल तर उत्तम, आणि हाताला काहीतरी सोपं काम: आबोलीचा वळेसर ओवा, नारळ खवणा, कपड्यांच्या घड्या घाला. हात चालू आणि डोकं मोकळं, असं.

सासूबाईंना आधी सांगा. चोरून रडायला गेलात तर अर्धं लक्ष दाराकडे राहील. रडल्यावर कुणी समजून घेतलं की बरं वाटतं आणि रडल्याची लाज वाटली की उलट जास्त वाईट वाटतं, हे रडण्यावरच्या अभ्यासांतही दिसलं आहे. इतकंच म्हणा: 'आई, माझं रडायचं राहून गेलंय. दुपारी एक सिनेमा बघते आणि दिवेलागणीच्या आत आटपते.' जत्रेतल्या उत्सवी नाटकांना 'एकच प्याला'तल्या सिंधूसाठी पदर ओला करणाऱ्या पिढीतल्या त्या असतील, तर त्यांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळेल. कदाचित त्याच शेजारी येऊन बसतील. बसू द्या.

मुलीबद्दल: 'श्वास' आणि 'आनंद'ला जरूर घ्या, 'अस्तु' मात्र तुम्ही एकट्याच बघा. तिला आधी दोन गोष्टी सांगून ठेवा. 'मम्मी, रडतेस का' असं मधेच विचारायचं नाही, आणि पाणी आणायला उठायचं नाही. शेजारी बसायचं, वाटलंच तर हात धरायचा. आणि तिचे डोळे भरले तर तुम्ही तिला गप्प करायला धावू नका. तिचीही आजी गेली आहे.

चारही सिनेमे बघून टिपूस आलं नाही तरी घाबरू नका. दर आठवड्याला नवा सिनेमा लावून परीक्षा घेत बसू नका, दोन महिने विषय सोडून द्या. एक मात्र तपासा. नैराश्यासाठी किंवा चिंतेसाठी दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांनी काही जणांचं रडू अगदी कमी होतं. तशी एखादी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. तुमची झोप आणि भूक शाबूत आहे हे चांगलं लक्षण आहे. दोन आठवडे सलग झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, कशातच जीव रमेना किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर सिनेमाच्या वाटेला जाऊ नका. अशा अवस्थेत रडूनही बहुतेकदा हलकं वाटत नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो. आणि बांबोळीला मनोविकार व मानवी वर्तणूक संस्था आहे, तिथल्या बाह्यरुग्ण विभागात जा.

घरात काही केल्या जमलं नाही तर नोव्हेंबरात पणजीला इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. नावनोंदणी आधी करावी लागते. परक्या माणसांच्या अंधारात रडणं काहींना घरापेक्षा सोपं जातं. वेळापत्रकात दिवसाला चार-पाच सिनेमे दिसतील, तुम्ही एकच घ्या, दुपारचा, आणि जागा कडेची धरा म्हणजे उठून जाता येईल. संपल्यावर लगेच फोंड्याची बस पकडू नका. कांपालच्या बाजूने मांडवीकाठी चालायला जागा आहे, तिथे तुमचा दीड तास काढा.